लाल रंगावर विश्वास बसला पाहिजे: ग्राफिक्स प्रोग्रामच्या रिग्रेशन टेस्टबद्दल

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही पाच जण नागपुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि एक छोटा ओपन-सोर्स वेक्टर ड्रॉइंग प्रोग्राम सांभाळता. प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये आहे, आकार कैरो आणि मजकूर पँगो या लायब्ररी काढतात. महाल आणि इतवारीतले काही पत्रिका-बॅनरवाले तो वापरतात. एक बग काढला की दुसरीकडे दोन उगवतात, म्हणून तुम्ही ६० फाइलींची पीएनजी चित्रं साठवली आणि प्रत्येक कमिटनंतर, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक नोंदवलेल्या बदलानंतर, नवी चित्रं त्यांच्याशी बाइट-बाइट ताडून पाहायला लागलात. एका लॅपटॉपवर सगळं हिरवं म्हणजे पास, दुसऱ्यावर ४० टेस्ट लाल म्हणजे नापास. मग तुम्ही पिक्सेल मोजून टॉलरन्स, म्हणजे ठरावीक फरकाची सूट, दिला, तर सगळंच हिरवं. आता निकाल कोणी उघडतही नाही. टेस्ट कुठून सुरू करायच्या आणि प्रोग्राम हळू झाला तर टेस्टला कळावं का, हेही विचारलंत, आणि शेवटी विचारलंय, "टॉलरन्स किती टक्के ठेवायचा?"

टॉलरन्सचा आकडा मी पुढे सांगतो, पण तुमचा खरा अडसर तो नाही. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "निकाल कोणी उघडतही नाही" हे आहे. रिग्रेशन टेस्टचं काम एकच: कालपर्यंत नीट चालत असलेलं आज बिघडलं, हे ते बिघडवणाऱ्या माणसाला त्याच दिवशी कळवणं. ती लाल झाल्यावर त्या माणसाने हातातलं काम थांबवून बघितलं, तरच ती उपयोगाची. माझ्याकडे १२०० टेस्ट असलेला प्रकल्पही आला आहे आणि ३५ टेस्ट असलेलाही, आणि ३५वाला जास्त भक्कम होता. तिथे लाल म्हणजे बग, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा पुढचं सगळं "लाल खोटं कधी ठरतं आणि हिरवं खोटं कधी ठरतं" या दोन गोष्टींभोवती फिरेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमचा कॅनव्हास ओपनजीएलने, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून, रंगत असेल, तर ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर बदलला की पिक्सेल बदलतील. तिथे टेस्टपुरतं मेसाचं एलएलव्हीएम-पाइप हे कार्डाशिवाय चित्र काढणारं सॉफ्टवेअर रेंडरर वापरावं लागेल. नुसता कैरो असेल तर ही कटकट नाही. तुम्ही विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींसाठी बिल्ड देता की फक्त लिनक्ससाठी, यावरही बरंच ठरतं. मी लिनक्स धरून लिहितो, कारण पाच जणांच्या टीमने चित्रांची तुलना एकाच प्लॅटफॉर्मवर करावी आणि बाकीच्या दोन ठिकाणी प्रोग्राम उघडतो, फाइल वाचतो, सेव्ह करतो एवढंच तपासावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली अट: खिडकी न उघडता, नुसत्या कमांड लाइनवरून प्रोग्रामला फाइल देऊन पीएनजी, पीडीएफ आणि एसव्हीजी (आकार मजकूर म्हणून लिहिलेली वेक्टर फाइल) बाहेर काढता आलं पाहिजे. तुमच्याकडे हे नसेल तर टेस्ट लिहिण्याआधी आठवडाभर यावरच घालवा. माउसच्या क्लिक नोंदवून त्या पुन्हा वाजवणाऱ्या टेस्ट मी दोनदा उभ्या केल्या आणि दोन्ही वेळा वर्षाच्या आत काढून टाकाव्या लागल्या. एखादं बटण दहा पिक्सेल सरकलं की सगळ्या लाल. त्याऐवजी मेनूतली प्रत्येक क्रिया नावाने हाक मारून चालवता येईल अशी सोय करा. इंकस्केप या ओपन-सोर्स ड्रॉइंग प्रोग्रामच्या कमांड लाइनवर अशी क्रियांची यादी देता येते, ती मांडणी नजरेखालून घाला. त्याच सोर्समध्ये "टेस्टफाइल्स" नावाचं फोल्डर आहे, तेही सवडीने वाचा. इतरांनी काय साठवलं आणि काय साठवायचं टाळलं, ते त्यातून कळतं.

आता एकाच फाइलचे दोन लॅपटॉपवर दोन निकाल का येतात ते बघू. बाइट-बाइट तुलना तर मुळातच सोडा. पीएनजीमध्ये तारीख-वेळ लिहिलेली असू शकते, आणि फाइल दाबणाऱ्या झेडलिब लायब्ररीची आवृत्ती बदलली की तेच पिक्सेल वेगळ्या बाइटमध्ये दाबले जातात. पीडीएफमध्ये तर तयार झाल्याची वेळ जवळपास नेहमीच असते. पीएनजी उलगडून पिक्सेल ताडा, पीडीएफ असेल तर पॉप्लर या पीडीएफ लायब्ररीच्या साधनाने त्याचं चित्र काढून ते ताडा.

पण पिक्सेल ताडले तरी फरक येतात, आणि माझ्या अनुभवात त्यातले सर्वाधिक फॉन्टमुळे येतात. तुमच्या चाचणी-फाइलमध्ये "मुक्त" फॉन्ट मागितला आहे आणि मित्राच्या लॅपटॉपवर तो नाही, तर फॉन्ट शोधून देणारं फॉन्टकॉन्फिग तक्रार करत नाही, त्याला जवळचा वाटेल तो फॉन्ट देऊन मोकळं होतं. म्हणून चाचणीचे फॉन्ट रिपॉझिटरीतच, म्हणजे कोडच्या साठ्यातच, ठेवा आणि फॉन्टकॉन्फिगला वेगळी सेटिंग फाइल देऊन सांगा की या फोल्डरपलीकडे बघायचंच नाही. "मुक्त" आणि नोटो सान्स देवनागरी दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, सोबत लायसन्सची फाइल ठेवली की रिपॉझिटरीत घालायला हरकत नाही. त्याच सेटिंगमध्ये हिंटिंग (अक्षराच्या कडा पिक्सेलच्या जाळीला जुळवणं) बंद करा आणि सबपिक्सेल रंगछटाही बंद करा. अक्षरं रंगवणाऱ्या फ्रीटाइप लायब्ररीची २.७ ही आवृत्ती २०१६ मध्ये आली तेव्हा ट्रूटाइप हिंटिंगची डीफॉल्ट पद्धतच बदलली होती. ज्यांनी हिंटिंग चालू ठेवून चित्रं साठवली होती, त्यांच्या मजकुराच्या टेस्ट त्या अपग्रेडला एकदम लाल झाल्या असणार, आणि बग मात्र कुठेच नव्हता.

फॉन्टनंतर लोकॅल, म्हणजे यंत्रावरची भाषा-देशाची सेटिंग. जर्मन लोकॅलमध्ये दीड हा आकडा स्वल्पविराम देऊन लिहितात. एसव्हीजीमध्ये स्वल्पविराम म्हणजे दोन आकड्यांमधली फारकत. म्हणजे दीडचे एक आणि पाच असे दोन आकडे होतात आणि आकार भलतीकडे जातो. आपल्याकडच्या लोकॅलमध्ये दशांशचिन्ह टिंबच असतं, त्यामुळे हा बग नागपुरात बसून आयुष्यभर दिसणार नाही. म्हणून बाकी सगळ्या टेस्ट एका ठरलेल्या लोकॅलवर चालवा आणि एक टेस्ट मुद्दाम जर्मन लोकॅलवर.

लोकॅलचा आणखी एक परिणाम मराठीवाल्यांनी तरी लक्षात ठेवायलाच हवा. काही देवनागरी फॉन्टमध्ये मराठीसाठी ल आणि श यांची वेगळी रूपं असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तरच ती येतात. फाइलमध्ये भाषा लिहिलेली नसेल तर पँगो ती यंत्राच्या लोकॅलवरून ठरवतो. तीच फाइल, तोच फॉन्ट, पण एका लॅपटॉपवर मराठी वळणाचा ल आणि दुसऱ्यावर हिंदी वळणाचा. हे टेस्टला खोटं लाल करतं, आणि त्याहून वाईट म्हणजे छापखान्यात खरोखर घडतं. चाचणी-फाइलमध्ये भाषा नेहमी स्पष्ट लिहा.

उरलेलं थोडक्यात. प्रोग्रामची वैयक्तिक सेटिंग टेस्टच्या वेळी रिकाम्या फोल्डरमधून वाचू द्या, कारण कोणी ग्रिड चालू ठेवलेला असतो, कोणी एकक इंच केलेलं असतं. कैरो, पँगो, हार्फबझ (अक्षरांची जुळणी करणारी लायब्ररी), फ्रीटाइप यांच्या आवृत्त्या एका कंटेनरमध्ये, म्हणजे सगळ्यांकडे सारख्याच राहणाऱ्या बंदिस्त वातावरणात, गोठवा आणि अंतिम निकाल फक्त त्या कंटेनरमधलाच माना. तुमच्यापैकी कोणाकडे एआरएम प्रोसेसरचं यंत्र असेल तर तिथे गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत होऊ शकते, मध्ये राउंडिंग होत नाही, त्यामुळे शेवटच्या दशांशात फरक येतो. तो फरक एखाद्या तिरक्या रेषेच्या कडेवर एका छटेचा होऊन दिसतो. त्याला घाबरू नका, टॉलरन्स त्याच्यासाठीच असतो.

आता टॉलरन्स. काही वर्षांपूर्वी महालातल्या एका छापखान्यासाठी मी एक स्क्रिप्ट सांभाळत होतो. एसव्हीजी घ्यायची, मजकूर साफ करायचा, पीडीएफ काढायची. लोक कुठून कुठून मजकूर चिकटवतात, त्यात नको ती अदृश्य कॅरेक्टर येतात, म्हणून ती गाळणारी एक ओळ मी वाढवली. ४८ टेस्ट होत्या, सगळ्या हिरव्या राहिल्या. तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्री २० बाय १० फुटांचा फ्लेक्स छापून चौकात लागला, आणि त्यावर "दुसऱ्या"चा अर्धा र जाऊन य वर रफार बसला होता. एका निवृत्त शिक्षकांनी सकाळी छापखान्यात येऊन ते दाखवलं.

कारण असं. ऱ्य लिहायच्या दोन पद्धती चालतात. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे एक अदृश्य कॅरेक्टर. मराठीचे बरेच जुने कीबोर्ड ही दुसरी पद्धत वापरतात. माझ्या ओळीने तो जॉइनर कचरा समजून काढला आणि उरलेल्या र, हलन्त, य यांचा नियमाप्रमाणे र्य झाला. आपल्या भाषेत हा फरक शोभेचा नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना बोलावणं वेगळं.

मग टेस्ट हिरव्या का राहिल्या? चित्र १२०० बाय ६०० पिक्सेलचं होतं, म्हणजे एकूण ७,२०,००० पिक्सेल. टॉलरन्स अर्धा टक्का, म्हणजे ३,६०० पिक्सेल वेगळे असले तरी चालतील. पापणीसारख्या अर्ध्या र च्या जागी रफार आला की त्या आकाराच्या अक्षरात काहीशेच पिक्सेल बदलतात. माझी टेस्ट सबंध शब्द गिळून हिरवी राहिली असती. त्या दिवसापासून मी टक्क्यात टॉलरन्स ठेवत नाही.

आता ठेवतो तो असा. दोन वेगळे प्रश्न वेगळे विचारायचे. एखादा पिक्सेल किती वेगळा असला तर तो "वेगळा" मानायचा, आणि असे वेगळे पिक्सेल किती चालतील. पहिल्या प्रश्नात थोडी सूट द्या: ० ते २५५ च्या मोजपट्टीवर ३-४ छटांपर्यंतचा फरक सोडून द्या, म्हणजे कडांवरची गणिती थरथर निघून जाते. दुसऱ्या प्रश्नात जवळपास सूटच देऊ नका. माझ्याकडे ती मर्यादा बहुतेक टेस्टना शून्य असते आणि ब्लर किंवा ग्रेडियंटच्या टेस्टना मोजून ठरवलेली असते. इमेजमॅजिक या चित्रांच्या साधनाच्या कंपेअर आज्ञेत पहिली सूट देता येते आणि वेगळ्या पिक्सेलांची संख्या मिळते. तिचा एक्झिट कोडही, म्हणजे काम संपताना ती परत देते तो आकडाही, नीट वाचा. ० म्हणजे सारखी, १ म्हणजे वेगळी, २ म्हणजे तुलनाच झाली नाही. पुष्कळांच्या स्क्रिप्टमध्ये २ ला कोणी विचारत नाही आणि हरवलेलं चित्र "पास" होऊन जातं.

शून्य सूट परवडते ती चित्रं लहान ठेवली तर. तुमच्या ६० फाइली या पूर्ण पत्रिका आणि बॅनर आहेत, त्यामुळे एक बिघाड झाला की ४० लाल होतात आणि कशामुळे ते कळत नाही. एका टेस्टमध्ये एकच गोष्ट ठेवा. १०० बाय १०० चा कॅनव्हास, त्यात एक क्लिप केलेलं (दुसऱ्या आकाराच्या चौकटीत कापलेलं) वर्तुळ, संपलं. आकारांच्या कडा पूर्ण पिक्सेलवर येतील अशा बेताने काढा. एक पिक्सेल जाडीची रेषा पूर्णांकावर ठेवली तर ती दोन ओळींत अर्धी-अर्धी करडी पडते, अर्ध्यावर ठेवली तर एकाच ओळीत काळी येते. एवढी काळजी घेतली की अँटीअलायझिंगची (कडा मऊ दिसाव्यात म्हणून मधल्या छटा भरण्याची) भानगड निम्म्याहून अधिक टेस्टमधून निघूनच जाते.

आणि आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: चित्र ताडणं हा शेवटचा उपाय आहे. बिघाड जिथे जन्मतो त्याच्या जितकं जवळ तपासाल, तितकी टेस्ट शांत आणि नेमकी राहते. वरची "दुसऱ्या" या शब्दातली चूक पिक्सेलमध्ये शोधायची गरजच नव्हती. हार्फबझसोबत एचबी-शेप नावाचं छोटं साधन मिळतं. त्याला फॉन्ट आणि शब्द दिला की कोणते ग्लिफ (फॉन्टमधल्या अक्षराकृती), कोणत्या क्रमाने, किती अंतरावर, हे एका ओळीत लिहून मिळतं. हार्फबझच्या स्वतःच्या टेस्टही अशाच साठवलेल्या ओळींच्या आहेत. तुमच्या प्रोग्रामनेही पँगोकडून मिळालेली ग्लिफांची यादी छापावी, अशी एक छुपी कमांड वाढवा. मग "दऱ्या", "शक्ती", "स्थिती", "कर्ज", "राष्ट्र", "ज्ञान" असे ४०-५० शब्द घ्या आणि यादी मजकूर म्हणून साठवा. ऱ्हस्व इकार लिहिला जातो व्यंजनानंतर आणि दिसतो आधी, जोडाक्षरात तर त्याला पूर्ण जोडाच्या आधी जावं लागतं. रफार लिहिला जातो आधी आणि बसतो शेवटी. बिघाड याच ठिकाणी होतात, आणि ग्लिफांच्या यादीत ते एका ओळीच्या फरकाने दिसतात.

तसंच पाथच्या, म्हणजे बिंदू-रेषांनी बनलेल्या आकृतीच्या, गणिताचं. दोन आकारांची बेरीज-वजाबाकी करणारी क्रिया तपासायची तर निघालेल्या पाथचं क्षेत्रफळ आणि चौकट आकड्यांत तपासा. सेव्ह करण्याचं तपासायचं तर फाइल उघडा, सेव्ह करा, ती पुन्हा उघडा, पुन्हा सेव्ह करा. पहिली आणि दुसरी सेव्ह केलेली फाइल अक्षरशः एकसारखी हवी. अनडूचं तपासायचं तर प्रत्येक क्रिया करा, लगेच मागे घ्या, आणि सेव्ह केलेली फाइल मूळ फाइलशी ताडा. ही एकच टेस्ट सगळ्या क्रियांवर फिरवता येते, वीसेक ओळींत लिहून होते, आणि मी जिथे जिथे ती लावली तिथे पहिल्याच दिवशी काही ना काही सापडलं.

एक युक्ती मोझिलाच्या ब्राउझरवाल्यांकडून घेण्यासारखी आहे. त्यांच्या रेफटेस्ट पद्धतीत साठवलेलं चित्र नसतंच. दोन वेगवेगळ्या फाइली द्यायच्या आणि सांगायचं की या दोन्ही सारख्याच दिसल्या पाहिजेत. आयत आयत म्हणून काढला आणि तोच चार बिंदूंच्या पाथने काढला, तर चित्र एकच हवं. ९० अंश चार वेळा फिरवलं तर मूळ चित्र हवं. फॉन्ट बदलो, लायब्ररी बदलो, दोन्ही बाजू एकत्र बदलतात आणि टेस्ट हिरवीच राहते. त्यात उलटीही सोय आहे: या दोन फाइली सारख्या दिसता कामा नयेत. माझ्याकडे आता अशी जोडी कायमची आहे. ऱ्य दोन्ही पद्धतींनी लिहिलेला "दऱ्या" सारखाच दिसला पाहिजे, आणि "दऱ्या" व "दर्या" कधीही सारखे दिसता कामा नयेत.

टेस्ट कुठून सुरू करायच्या, हेही विचारलं होतंत. आधीच निघालेल्या बगांच्या यादीतून. जिथे एकदा मोडलं तिथे पुन्हा मोडतं, कारण तिथला कोड अवघड असतो किंवा दोघांच्या कामाच्या मधोमध असतो. मागच्या सहा महिन्यांतल्या दुरुस्त केलेल्या बगांमधून दहा निवडा आणि प्रत्येकाची एक लहान टेस्ट लिहा. लिहिल्यावर ती दुरुस्ती तात्पुरती काढून टाका आणि टेस्ट लाल होते का ते बघा. ही पायरी कोणीही गाळू नये. लाल न होऊ शकणारी टेस्ट मी इतक्या वेळा पाहिली आहे, आणि स्वतःही लिहिली आहे, की आता लाल झालेली दाखवल्याशिवाय मी टेस्ट मुख्य कोडमध्ये मर्ज करत नाही.

बगांच्या यादीत पिक्सेलमध्ये कधीच न दिसणारेही असतील. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या इंकस्केप ०.९२ ने एका इंचात ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरायला सुरुवात केली. ते योग्यच होतं, वेबपानांच्या सीएसएसमध्ये ९६ हेच प्रमाण आहे, आणि जुनी फाइल उघडताना प्रोग्राम विचारतोही. पण बर्डीवरच्या एका रेडियम कटिंगच्या दुकानासाठी मी जे रूपांतर लिहिलं होतं, त्यात ९० हा आकडा मी हाताने टाकलेला होता. ३०० मिलिमीटरची पट्टी ३२० मिलिमीटर कापली गेली. पीएनजी ताडून हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण पिक्सेल तेवढेच होते, बदलला तो पिक्सेलचा मिलिमीटरमधला अर्थ. तुमचं गिऱ्हाईक छापणारं आणि कापणारं आहे, तेव्हा निघालेल्या पीडीएफचं पान मिलिमीटरमध्ये किती, पहिल्या आकाराची रुंदी किती, हे आकडे तपासणारी टेस्ट पहिल्या दहांत असू द्या.

आता ज्या ठिकाणी बहुतेक टीम घसरतात ते सांगतो: साठवलेलं चित्र बदलणं. कधी ना कधी चित्र खरोखरच बदलायला हवं असतं. लायब्ररी सुधारते, ब्लर अधिक चांगला होतो. सोय म्हणून सगळी चित्रं एका फटक्यात नवी करणारी स्क्रिप्ट प्रत्येक जण लिहितो. आमच्या टीममध्ये एका अपग्रेडनंतर ३१ टेस्ट लाल झाल्या, फॉन्टमुळे असतील म्हणून एकाने ती स्क्रिप्ट चालवली आणि सगळं हिरवं केलं. त्यातल्या ३० खरंच फॉन्टमुळे होत्या. एकतिसाव्यात क्लिप पाथ गायब झाला होता. त्या दिवसापासून टेस्ट त्या बिघाडाचंच रक्षण करत राहिली, आणि चार महिन्यांनी कोणी तो दुरुस्त करायला गेलं तर टेस्टने त्यालाच अडवलं.

तेव्हा नियम करा. चित्र बदलणारं कमिट वेगळं असेल, त्यात कोड नसेल. त्यात जुनं चित्र, नवं चित्र आणि फरक लाल रंगात दाखवणारं तिसरं चित्र शेजारी शेजारी असतील. ज्याने बदललं त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणी तरी ते डोळ्यांनी बघून हो म्हणायचं. ३१ चित्रं बघायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ जड वाटत असेल तर चित्रांच्या टेस्ट जास्त झाल्या आहेत, त्यातल्या काही ग्लिफांच्या यादीवर आणि आकड्यांवर न्या.

कधी लाल, कधी हिरवी होणाऱ्या टेस्टबद्दल मी कठोर आहे. कारण सापडेपर्यंत ती त्याच दिवशी मुख्य यादीतून काढून बाजूच्या यादीत ठेवा. "पुन्हा चालव, होईल हिरवी" हे वाक्य एकदा टीममध्ये रुजलं की बाकीच्या सगळ्या टेस्टची किंमत त्याबरोबर जाते.

वेगाबद्दलही विचारलं होतं, की प्रोग्राम हळू झाला तर टेस्टला कळावं का. कळावं, पण सेकंद मोजू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, कूलरसमोर ठेवलेला लॅपटॉपसुद्धा तापून स्वतःचा वेग कमी करतो, आणि तोच कोड दुपारी एक वेळ दाखवतो, पहाटे दुसरी. व्हॅलग्राइंड या तपासणी-साधनाचं कॅशेग्राइंड किंवा कॉलग्राइंड वापरून प्रोसेसरच्या किती सूचना चालल्या ते मोजा. तो आकडा उन्हाने बदलत नाही. दोन टक्क्यांची वाढसुद्धा त्यात विश्वासाने दिसते.

टेस्ट शांत झाल्या की गिट बायसेक्टची (बिघाड आणणारं कमिट शोधणाऱ्या आज्ञेची) खरी ताकद वापरता येते. बिघाड १००० कमिटमध्ये कुठे तरी आहे एवढंच माहीत असेल, तर दर वेळी निम्मे बाजूला काढत साधारण दहा फेऱ्यांत नेमकं कमिट सापडतं, आणि बायसेक्ट रनला टेस्टची स्क्रिप्ट दिली तर या फेऱ्या तो स्वतः मारतो. तुमच्या स्क्रिप्टने एवढं करावं: ठीक असेल तर ०, बिघडलं असेल तर १, आणि ते कमिट बिल्डच होत नसेल, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रामच बनत नसेल, तर १२५, म्हणजे बायसेक्ट ते वगळून पुढे जातो. १२५ विसरलात तर न बिल्ड होणारं निर्दोष कमिट दोषी ठरतं. रात्री लावून झोपायचं आणि सकाळी नाव बघायचं, हे सुख आधीच्या सगळ्या खटाटोपाचं मोल वसूल करतं.

शेवटी तुमच्या त्या ६० फाइलींबद्दल. त्या फेकू नका, पण आहेत तशा रिपॉझिटरीत ठेवूही नका. त्या खऱ्या गिऱ्हाइकांच्या पत्रिका आहेत, त्यांत लोकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर आहेत, आणि सार्वजनिक रिपॉझिटरीत गेलेली फाइल इतिहासातून पुसणं फार जिकिरीचं असतं. प्रत्येक फाइल घ्या, त्यातला निम्मा भाग उडवा, बिघाड अजून दिसतो का बघा, दिसत असेल तर उरलेल्याचा निम्मा उडवा. अर्ध्या तासात चार-पाच ओळींची एसव्हीजी उरते, नावं-नंबर आपोआप जातात, आणि बिघाड कशात आहे ते बहुतेक वेळा तिथेच कळतं. मूळ ६० फाइली एका खासगी जागी ठेवा आणि प्रत्येक आवृत्ती देण्याआधी एकदा त्यांचे प्रिंट काढून दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. पिक्सेल, ग्लिफ आणि आकडे तिन्ही चाळण्यांतून निसटलेली एखादी चूक मला अजूनही कधीकधी या वाचनातच सापडते.